चिनी मालिका: कुठून सुरुवात करायची आणि बघताना कुठे लक्ष द्यायचं

चिनी मालिकांबद्दल नव्या माणसाच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. भाग फार आहेत, नावं लक्षात राहत नाहीत आणि कोण कोणाचा कोण हे कळेपर्यंत चार भाग संपून जातात. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही मी भेटेल त्याला या मालिका बघायला सांगते, कारण त्या कशा बांधलेल्या असतात हे एकदा कळलं की अर्धी अडचण तिथेच संपते.

आधी बांधणी समजून घ्या

आपल्याकडची रोजची मालिका टीआरपी बघत पुढे सरकते. खलनायिका लोकांना आवडली की ती तुरुंगातून सुटून परत येते, नायकाने मालिका सोडली की त्याला अपघात होतो. चीनमध्ये रीत वेगळी आहे. सगळे भाग आधी लिहायचे, चित्रित करायचे, संकलन करायचं, सरकारी तपासणीतून पास करून घ्यायचे आणि मगच पहिला भाग दाखवायचा. त्यामुळे लेखकाला शेवट पहिल्या दिवसापासून माहीत असतो. तिसऱ्या भागात कोणी सहज बोलून गेलेलं वाक्य पस्तिसाव्या भागात कामाला येतं. नव्या प्रेक्षकाने हे मनात धरूनच बसावं: इथे बारीकसारीक गोष्टी शोभेला ठेवलेल्या नसतात.

एक उदाहरण जरा जवळून बघू. २०१५ ची 'नर्व्हाना इन फायर' ही ५४ भागांची मालिका, दिग्दर्शक खोंग शंग आणि ली श्वे. एका तपापूर्वी खोट्या देशद्रोहाच्या आरोपाखाली ७०,००० सैनिकांची एक अख्खी सेना मारली गेली. तिचा तरुण सेनानी लिन शू वाचला, पण विषबाधेने त्याचा चेहराच बदलून गेला आणि तब्येत कायमची खचली. आता तो मेई छांगसू या नावाने राजधानीत परततो आणि लहानपणीचा जिवलग मित्र, राजपुत्र जिंगयान, याचा सल्लागार होतो. जिंगयान त्याला ओळखत नाही. उलट, कारस्थानी माणूस म्हणून त्याच्यापासून जरा अंतरच ठेवतो.

राजपुत्राची आई शांत स्वभावाची, वैद्यकी जाणणारी. ती मुलासाठी खाऊचा डबा पाठवते आणि त्याच्या सल्लागारासाठीही एक पाठवते. मुलाच्या डब्यात त्याची आवडती हेझलनटची खुसखुशीत मिठाई असते. दुसऱ्या डब्यात बाकी सगळं तेच, फक्त ती मिठाई नाही. लिन शूला लहानपणापासून हेझलनट चालत नव्हतं. म्हणजे आईने ओळखलंय, मुलाने नाही, आणि हे आपल्याला एका मिठाईच्या नसण्यातून कळतं. गळ्यात पडणं नाही, 'तूच ना तो?' असा सवाल नाही. ओळखलंय हे उघड झालं तर त्याचा जीव जाईल, म्हणून तिने माया दाखवायची ती डब्यातूनच. पुढे हा फरक राजपुत्राच्याही नजरेत भरतो, तो प्रसंग मी सांगणार नाही.

चिनी मालिकेची खरी ताकद मला इथे दिसते. दरबार असो की चाळवजा वस्ती, माणसं मनातलं थेट बोलत नाहीत. चहा ओततात, जागा बदलतात, नमस्कार नेहमीपेक्षा थोडा खाली वाकून करतात. ते वाचायची सवय लागली की ५४ भाग लांब वाटत नाहीत.

पहिली मालिका छोटीच घ्या

तरीही सुरुवात 'नर्व्हाना इन फायर'पासून करू नका. आधी १२-१५ भागांची आजच्या काळातली गोष्ट घ्या. चेहऱ्यांची, बोलण्याच्या लयीची, सबटायटल वाचत बघण्याची सवय होते.

'रीसेट' (२०२२, १५ भाग) नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी. एक कॉलेजकन्या शहरातल्या बसमध्ये झोपलेली असते. बसमध्ये स्फोट होतो आणि ती पुन्हा त्याच बसमध्ये, त्याच प्रवासात जागी होते. एक तरुण गेम डिझायनरही तिच्यासोबत या फेऱ्यात अडकतो. आता स्फोट थांबवायचा तर आधी बॉम्ब कोणाकडे आहे ते शोधायचं. दर फेरीत एकेका प्रवाशाची पिशवी, बॅग, गोणी संशयाच्या घेऱ्यात येते आणि उघडल्यावर बॉम्बऐवजी त्या माणसाचं आयुष्य बाहेर पडतं. कलिंगडं घेऊन निघालेला तो गप्प, चिडका माणूस लक्षात ठेवा. नावं पाठ करायची गरज नाही, कारण सगळी माणसं एकाच बसमध्ये, आपापल्या सीटवर बसलेली आहेत.

'द बॅड किड्स' (२०२०, १२ भाग) अंगावर येणारी आहे. गणित शिकवणारा एक साधासुधा दिसणारा माणूस सासू-सासऱ्यांना डोंगरावर फिरायला नेतो आणि कड्यावरून ढकलून देतो. खाली तीन मुलं कॅमेऱ्यावर काहीतरी रेकॉर्ड करत असतात आणि हेही त्यात टिपलं जातं. पोलिसांकडे जायचं सोडून मुलं त्या माणसाशी सौदा करायला निघतात. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चानच्यांग शहरात हे चित्रण झालंय. मुलांच्या मनाचं असं निर्भय चित्रण मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. लहान मुलांना बरोबर बसवून मात्र ही बघू नका.

याच दिग्दर्शकाची, शिन श्वांगची, 'द लाँग सीझन' (२०२३, १२ भाग). ही मला या सगळ्यांत जास्त प्रिय आहे. ईशान्य चीनमधलं एक कारखान्याचं गाव. वांग शियांग हा पोलाद कारखान्यातला रेल्वे इंजिन ड्रायव्हर. साऱ्या गावात ज्याला मान, असा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कामगारकपात सुरू होते आणि त्याच सुमारास एक खून होतो. जवळजवळ २० वर्षांनी तोच वांग शियांग म्हातारा टॅक्सी ड्रायव्हर झालेला आहे आणि ते जुनं प्रकरण पुन्हा वर येतं. मालिका दोन्ही काळांत मागेपुढे होत राहते. सरकारी कारखान्यांतून तेव्हा लाखो माणसं घरी बसवली गेली, हा चीनचा खरा इतिहास आहे. कारखाना म्हणजे नुसती नोकरी नव्हती. घर, दवाखाना, शाळा, गाण्याचे कार्यक्रम सगळं त्याच्याच आवारात. १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय किंवा घरातल्यांकडून ऐकलंय, त्यांना वांग शियांगचा ताठा आणि त्यामागची भीती समजावून सांगावी लागणार नाही. ही भूमिका करणारा फान वेई हा चीनमध्ये विनोदी नट म्हणून घराघरांत माहीत झालेला. त्याच्याकडून काय काय काढून घेतलंय ते बघा.

कुठे बघायच्या

याबद्दल थोडक्यात. नेटफ्लिक्सवर थोड्या पण नावाजलेल्या मालिका येत-जात असतात. व्हिकी या साइटवर आशियाई मालिकांचा मोठा साठा आहे आणि तिथली सबटायटल सहसा काळजीपूर्वक केलेली असतात. यूट्यूबवर चिनी निर्मिती संस्थांची अधिकृत चॅनेल आहेत, बऱ्याच मालिका तिथे इंग्रजी सबटायटलसह पूर्ण मिळतात. वीटीव्ही हे टेन्सेंट या चिनी कंपनीचं अॅप भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातलेल्या अॅपच्या यादीत आहे, त्यामुळे कोणी त्याची लिंक पाठवली तर नादी लागू नका. एमएक्स प्लेअरवर (आताचं नाव अॅमेझॉन एमएक्स प्लेअर) काही चिनी मालिका हिंदीत डब केलेल्या मिळतात. घरातल्या ज्येष्ठांना सबटायटल वाचणं जड जात असेल तर सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही.

एकच खबरदारी घ्या. मोबाइलवर उभ्या चौकटीत दिसणाऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या 'अब्जाधीशाची लपलेली बायको' छापाच्या गोष्टी म्हणजे आपण इथे बोलतोय त्या मालिका नव्हेत. पहिले काही भाग फुकट आणि ऐन रंगात आल्यावर पैसे, असा तो धंदा आहे.

नावांचा गुंता सोडवा

आडनाव आधी, नाव नंतर, एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा होतो तो ऐतिहासिक मालिकांत, कारण तिथे एकाच माणसाला दोन-तीन नावं असतात. जन्माचं एक, वयात आल्यावर मिळालेलं आदराचं दुसरं, शिवाय पदवी. 'द अनटेम्ड' (२०१९, ५० भाग) मधला नायक वेई यिंग आणि वेई वूशियान हा एकच माणूस आहे. त्याचा मित्र लान जान आणि लान वांगजी हाही एकच. सगळं जग नायकाला वेई वूशियान म्हणत असताना लान वांगजी मात्र त्याला वेई यिंगच म्हणतो. जन्मनावाने हाक मारणं ही एवढी जवळीक आहे की पुढचे कितीतरी प्रसंग त्या एका हाकेवर उभे राहतात.

मी नव्यांना सांगते, पहिल्या दोन भागांपुरता एक कागद जवळ ठेवा. नाव लिहू नका, नातं लिहा: 'निळ्या कपड्यातला, राणीचा भाऊ', 'दाढीवाला मंत्री, थोरल्या राजपुत्राच्या बाजूचा'. नावं मागाहून आपोआप चिकटतात. दरबारी मालिकेत कोण कोणाच्या गटात हे कळणं पुरेसं असतं. आणि पाच-सहा भाग होईपर्यंत मत बनवू नका. 'नर्व्हाना इन फायर'चे पहिले काही भाग माणसांनी ठासून भरलेले आहेत, पुष्कळ लोक तिथेच सोडून देतात आणि मोठ्या आनंदाला मुकतात.

अंतःपुराच्या मालिका

राजवाड्यातल्या बायकांच्या मालिका म्हणजे चिनी दूरदर्शनचं खास घराणंच. त्यातली सर्वांत मोठी 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' (२०११, ७६ भाग), चीनच्या शेवटच्या राजघराण्यातल्या, म्हणजे छिंग घराण्याच्या, योंगचंग सम्राटाच्या काळात घडणारी. सुन लीने केलेली चन हुआन ही सतरा वर्षांची मुलगी निवडीच्या दिवशी मनातून 'मला निवडू नका' म्हणत असते आणि निवडली जाते. तिथून राजमातेच्या आसनापर्यंतचा तिचा प्रवास म्हणजे ही मालिका. हिचं बळ खलनायिकांत आहे. प्रत्येकीच्या दुष्टपणामागे तो वाडा उभा आहे: एकच पुरुष, शेकडो बायका आणि बाहेर पडायला दार नाही. मधल्या टप्प्यावर एका समारंभाला निघताना ऐनवेळी चन हुआनच्या अंगावर एक जुना पोशाख चढवला जातो. त्या एका पोशाखाने तिचं सगळं आयुष्य फिरतं. कोणी आवाज चढवत नाही, तलवार निघत नाही.

इथे दर्जांची उतरंड माहीत असलेली बरी. खालून वर जाताना दायिंग, छांगजाय, गुइरन, पिन, फेइ, गुइफेइ, त्यावर हुआंगगुइफेइ आणि सर्वांत वर सम्राज्ञी. चन हुआन छांगजाय म्हणून आत येते. कोण कोणासमोर आधी वाकतं, कोणाला बसायला सांगितलं जातं आणि कोणाला मुद्दाम उभं ठेवलं जातं, हे बघत राहा. निम्मं भांडण तिथेच चाललेलं असतं.

या मालिकेची २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी दीड-दीड तासाच्या ६ भागांत काटछाट केली होती. ती कुठे दिसली तर बघू नका. नुसत्या घटना उरल्यात, त्यामागचं थांबणं आणि गप्प राहणं सगळं गेलंय.

७६ भागांचं धाडस होत नसेल तर 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' (२०१८, ७० भाग). आकडा फार कमी नाही, पण वेग दुप्पट आहे. नायिका वेई यिंगलो ही दासी म्हणून राजवाड्यात शिरते ती बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला, आणि कोणाचं काही ऐकून घेत नाही. हिच्यात कपड्यांकडे आणि दागिन्यांकडे निवांत बघा. मोठ्या घरच्या बायकांच्या प्रत्येक कानात तीन-तीन डूल दिसतील. ती मांचू बायकांची खरी रीत होती, छिंग सम्राट मांचू होते आणि मालिकेने ती पाळली आहे. केसांतली रेशमी फुलं नानचिंगच्या पारंपरिक रोंगहुआ कलेची आहेत. ही मालिका गाजल्यावर त्या मागे पडलेल्या कलेकडे चीनमध्ये पुन्हा लोकांचं लक्ष गेलं. भडक रंग टाळून विटकरी, राखाडी, फिकट हिरव्या छटा वापरल्यामुळे वाडा खरोखर राहता वाटतो.

असे वाडे कुठून येतात, हा प्रश्न पडेलच. पूर्व चीनमधल्या चच्यांग प्रांतात हंगद्यान नावाचं ठिकाण आहे. तिथे १९९६ पासून चित्रीकरणासाठी एकेक सेट उभे राहत गेले आणि आज तिथे राजवाडे, जुन्या बाजारपेठा, नदीकाठची गावं असं सगळं कायमचं बांधलेलं आहे. दोन-चार मालिका बघून झाल्या की तेच दगडी जिने आणि तीच लाल भिंत ओळखू यायला लागते.

उडणारी माणसं आणि जमिनीवरची माणसं

तपश्चर्येने अमर होणारे साधू, तलवारीवर उभं राहून उडणारे शिष्य, दैत्य आणि देव यांच्या मालिका हा एक वेगळाच मोठा प्रकार आहे. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' (२०२२, ३६ भाग) त्यातली हलकीफुलकी आणि देखणी. अशा अद्भुत मालिकांची आठवण चीनमध्ये मागे जाते ती १९८६ च्या 'जर्नी टू द वेस्ट'पर्यंत, यांग जिए या दिग्दर्शिकेने केलेल्या २५ भागांपर्यंत. तिथल्या कित्येक पिढ्या शाळेच्या सुट्टीत तिचं पुनःप्रक्षेपण बघत मोठ्या झाल्या. धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघालेला भिक्षू आणि त्याचा वानरशिष्य यांची ती गोष्ट. त्या भिक्षूमागचा खरा माणूस म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग, जो सातव्या शतकात महाराष्ट्रातही आला आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याबद्दल लिहून गेला. एखादा भाग हाती लागला तर मुलांना दाखवा. वानराचं काम करणाऱ्या लिऊ श्याओ लिंग थोंगच्या डोळ्यांची हालचाल आजही बघण्यासारखी आहे.

मला स्वतःला मात्र जमिनीवरच्या गोष्टी अधिक ओढतात. 'मिन्निंग टाउन' (२०२१, २३ भाग) गरिबी निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेचं गुणगान म्हणूनच तयार झालेली मालिका आहे, हे माहीत असू द्या. आणि तरीही बघा. निंगशिया या स्वायत्त प्रदेशातला शीहायगू हा पाण्यावाचून वाळलेला डोंगराळ भाग. तिथली माणसं १९९० च्या दशकात उठवून वाळवंटी माळावर वसवतात आणि फूच्येन या श्रीमंत किनारी प्रांताकडे मदतीची जबाबदारी सोपवतात. तिथून आलेले एक प्राध्यापक गावाला अळिंबी लावायला शिकवतात. पहिल्या पिकाला चांगला भाव मिळतो. मग सगळं गाव अळिंबी लावतं, बाजारात माल उदंड होतो, भाव कोसळतो आणि व्यापारी वाटेल तसे पाडून मागतात. प्राध्यापक हवालदिल होऊन स्वतःच्या पदरचे पैसे घालतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे दोन भाग बघवणार नाहीत, इतके खरे उतरलेत. कलाकार वायव्येकडच्या बोलीत बोलतात, प्रमाण चिनीत केलेली वेगळी आवृत्तीही आहे. निवड मिळाली तर बोलीतलीच घ्या.

घरगुती काही हवं असेल तर 'गो अहेड' (२०२०). एक पोलिस आणि एक नूडल्सचं दुकान चालवणारा, असे दोन बाप मिळून एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली तीन मुलं वाढवतात. पहिला अर्धा भाग इतका सुंदर की नंतरचा प्रेमकथेकडे वळलेला अर्धा सहन करता येतो.

आवाज, कात्री आणि रिमोट

ओठ आणि शब्द जुळत नाहीत, असं वाटलं तर टीव्ही बिघडलेला नाही. पुष्कळ चिनी मालिकांत, विशेषतः ऐतिहासिक आणि अद्भुत प्रकारात, नटांचे आवाज दुसरेच कलाकार देतात. सेटवरचा गोंगाट आणि वेगवेगळ्या प्रांतांचे उच्चार ही त्यामागची कारणं. चन हुआनचा आवाज सुन लीचा नाही, जी ग्वानलिन या आवाज-कलाकाराचा आहे, आणि त्या भूमिकेचा निम्मा दरारा त्या आवाजात आहे.

सरकारी कात्रीही समजून घ्या, नाहीतर काही गोष्टी विचित्र वाटतात. गुन्हेगार शेवटी पकडला जाणारच. आजच्या काळातल्या गोष्टीत खरं भूत नसणारच. कालप्रवासावर २०११ पासून नाराजी असल्याने 'जॉय ऑफ लाइफ' (२०१९) सारखी मालिका आधुनिक माणूस जुन्या काळात पाठवताना ती एका विद्यार्थ्याने लिहिलेली गोष्ट आहे, अशी चौकट घालते. 'द अनटेम्ड'ची मूळ कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे, पडद्यावर ती मैत्री म्हणून येते. कात्रीमुळे काही मालिका खरंच लंगड्या होतात. पण चांगले लेखक नजरेतून, बासरीच्या सुरातून, शेजारी ठेवलेल्या दोन प्याल्यांतून सांगायला शिकलेत.

भाग किती असावेत याचाही नियम आला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने मालिका ४० भागांच्या आत ठेवा, ३० च्या आत असेल तर उत्तम, अशी सूचना काढली; ४० ची ही मर्यादा २०२५ मध्ये शिथिल झाली. २०२० आधीच्या मालिकांत पाणी घातलेलं असतंच. पहिली दोन मिनिटं गाणं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं पुढच्या भागाची झलक: झलक तर हमखास टाळा, ती रहस्य फोडते. दुय्यम जोडप्याचं भांडण तिसऱ्यांदा सुरू झालं की खुशाल पुढे ढकला. दरबारातला प्रसंग मात्र कधीही वेग वाढवून बघू नका.

माझा क्रम विचाराल तर 'रीसेट', मग 'द लाँग सीझन', मग 'मिन्निंग टाउन' आणि त्यानंतर, रोज दोन भाग या हिशेबाने, 'नर्व्हाना इन फायर'. २०१७ मध्ये तिचा दुसरा भाग म्हणून आलेली मालिका काही दशकांनंतरच्या, वेगळ्या माणसांची आहे. ती लगेच लावू नका, मध्ये एखादा महिना जाऊ द्या.